उंच झालेली गाडी आणि खिळखिळी झालेली हाडे

हैदराबादेत पाहुणा म्हणून आलेला पुणेकर एक प्रश्न हमखास विचारतो : इथे टेम्पोला सगळे ‘डीसीएम’ का म्हणतात? धूलपेठेतून गणपती आणायचा असो की हुसेनसागरावर न्यायचा असो, कार्यकर्ते ‘एक डीसीएम सांगून ठेवा’ असेच म्हणतात. मग दारात येणारी गाडी आयशर असो, स्वराज माझदा असो, नाहीतर टाटा. हे नाव दिल्ली क्लॉथ मिल्सचे. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलके ट्रक बनवायला परवानगी मिळाली, तेव्हा या गिरणीवाल्यांनी टोयोटाशी हात मिळवून उत्तर प्रदेशात सूरजपूरला कारखाना काढला. कंपनी पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली, ती गाडीही बंद झाली. पण नाव आमच्या गावाच्या जिभेवर बसले ते बसलेच.

गंमत अशी की त्याच लाटेत एक जपानी ट्रक अगदी आपल्या अंगणात तयार होत होता. मुंबईच्या रस्त्यावर जहीराबादला आल्विन निस्सानचा कारखाना उभा राहिला. जहीराबाद म्हणजे १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यातला तालुका; मराठी, कानडी आणि तेलुगू तिन्ही भाषा कानावर पडणारा मुलूख. आल्विन हे तर १९४२ पासूनचे हैदराबादचे घरचे नाव. फ्रीज, घड्याळे आणि बसचे सांगाडे बनवणारे. पण ‘आल्विन सांगून ठेवा’ असे कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. कारखाना पुढे महिंद्राकडे गेला आणि परक्या गिरणीचे नाव उरले. इतिहास कोणाचे नाव राखतो याला काही न्याय नसतो.

तशीच उपेक्षा गाडीच्या एका भागाच्या वाट्याला आली आहे. इंजिनाचे कौतुक होते, रंगाचे होते, आता तर पडद्याचे आणि कॅमेऱ्याचेही होते. पण ज्याच्यावर गाडी उभी असते त्या पाट्यांकडे वाकून कोण बघतो? इकडचे मिस्त्री त्यांना ‘कमान’ म्हणतात. मराठवाड्यात आणि देशावर ‘पाटे’. सध्या या पाट्यांची चर्चा आपल्या घरांतही सुरू झाली आहे, कारण आपली मुले पिकअप गाड्या घेऊ लागली आहेत आणि घेतल्यावर त्या दोन-तीन इंच उचलून घेऊ लागली आहेत. गाडी रुबाबदार दिसते. मग महिन्याभरात आई मागच्या सीटवर बसायचे नाव काढत नाही आणि चालवणाऱ्यानेही कंबर धरलेली असते. हा प्रश्न नवा वाटतो, पण तो फार जुना आहे आणि दख्खनच्या रस्त्यांवर तो निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा सोडवला गेला आहे.

सस्पेन्शन या शब्दाचा मूळ अर्थ टांगणे. युरोपात पूर्वी बग्गीचा डबा चामड्याच्या पट्ट्यांनी चौकटीला टांगत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे टांगलेले वाहन म्हणजे पालखी, मेणा, डोली. लवचीक दांडी आणि तिच्याखाली भोयांचे खांदे, गुडघे आणि वर्षांची सवय. रस्त्यातला खड्डा भोयाच्या पायाला लागे, आत बसलेल्याला नाही. त्यापेक्षा मऊ सस्पेन्शन आजही कुठल्या कंपनीने केलेले नाही. फक्त त्याची किंमत चार माणसांच्या खांद्यांनी मोजलेली असे.

बैलगाडीत मात्र अशी काही सोय नव्हती. आखावर साटा, साट्यावर माणूस. मराठवाड्याच्या काळ्या मातीत लहान चाक रुतते, म्हणून चाक मोठे. मोठे चाक खड्ड्यात पूर्ण उतरत नाही, त्यावरून तरंगत जाते, आणि गाडीच्या पोटाखाली दगड-धोंडा जायला जागाही राहते. म्हणजे उंची हवी ही गरज पिकअपवाल्या मुलांनी शोधून काढलेली नाही. पण आमच्या लोकांनी ती चाकातून मिळवली होती. हादऱ्यावर उपाय घरगुती होता : साट्यात कडबा किंवा गवत, त्यावर घोंगडे, त्यावर गोधडी. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीसाठी हा थर हातभर जाड करीत आणि तरीही गाडीवानाला ‘बैल सावकाश हाक’ असे बजावून सांगावे लागे. घोंगडे आणि कडबा हादरा मऊ करतात, संपवत नाहीत, हे त्या काळच्या बायकांना पाठ होते.

खरा बदल घडला इंग्लंडमध्ये, १८०४ साली. ओबाडाया एलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याने पोलादी पाट्यांच्या दोन कमानी समोरासमोर जोडून लंबवर्तुळासारखी स्प्रिंग केली आणि ती थेट आखावर बसवली. त्याआधी बग्गीखाली एक जाड लाकडी तुळई लागे. ती गेली, गाडी हलकी झाली आणि प्रवास सुसह्य झाला. तीच युक्ती पुढे आपल्याकडच्या टांग्यात, स्प्रिंगच्या दमणीत, मुंबई-पुण्याच्या शिग्रामात आली.

पाटे एकावर एक का ठेवतात, हे इथे सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एकच जाड पट्टी घेतली तर ती वजन पेलेल, पण लवणार नाही. त्याच वजनासाठी पाच-सहा पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर त्या लवतातही आणि पेलतातही. पट्टीची जाडी थोडी वाढली तरी ताठरपणा फार वाढतो : ६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो सव्वापट किंवा दीडपट नव्हे, सुमारे २.४ पट ताठ होतो. शिवाय लवताना पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने उसळी थोडी आवरली जाते. म्हणून जुन्या काळी पाट्यांमध्ये ग्रीस भरत आणि वरून चामड्याचे आवरण शिवत. गंजलेले पाटे एकमेकांना चिकटतात. मग पाच पाट्यांची एक जाड पट्टी होते आणि आपण टांग्यातून पुन्हा बैलगाडीत येऊन बसतो.

काचीगुड्याचे स्टेशन १९१६ चे. घुमट आणि मनोरे मिरवणारी ती इमारत आपल्यापैकी अनेक घराण्यांचा हैदराबादेतला पहिला दरवाजा आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत येणाऱ्या मीटरगेजने आपले आजे-पणजे वकिलीला, नोकरीला, शिक्षणाला इकडे आले ते इथेच उतरले. बाहेर टांगे उभे असत. टांगा दोनचाकी, त्यामुळे तोल हेच त्याचे शास्त्र. मागे दोन भारी माणसे बसली की टांगा ‘उलार’ होई, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणला जाई आणि टांगेवाला एकाला पुढे बोलावून घेई. आपल्याकडचा मराठी शब्द ‘उलाळ’. पुढे वजन पडले तर ‘धुरजड’. भार कुठे आहे यावर वाहनाची चाल ठरते हे सांगणारे दोन शब्द आपल्या भाषेत मोटार येण्याआधीपासून आहेत. पिकअपच्या दुखण्याला मला ‘उलाळ’पेक्षा नेमका शब्द अजून सापडलेला नाही, फक्त इथे ती उलटी उलाळ आहे. मागे भार नाही, म्हणून मागचा भाग उडतो.

त्याच सुमारास या शहरात उंच बसण्याची हौस दुसऱ्याच थाटात अवतरली. महबूब अली पाशांनी रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट मागवली, पण १९११ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी वापरली ती मीर उस्मान अली खानांनी. पिवळ्या रंगाची, वर घुमटासारखे छत आणि मागे सिंहासनासारखे उंच आसन असलेली ती गाडी आज चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. मिरवणुकीच्या संथ चालीसाठीच ती होती, आणि ते ठीकच. कारण बसणारा जितका उंच, तितका तो जास्त डुलतो. ती फार चाललीही नाही. अशा गाड्यांवरून रस्त्यांचा इतिहास कळत नाही, आणि आपल्या लोकांनी त्या पाहिल्या त्या रस्त्याकडेला उभे राहूनच.

रस्त्यांचा इतिहास कळतो तो बसमधून. १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने इंग्रजी कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली आणि या रेल्वेने १५ जून १९३२ पासून स्वतःची बससेवा सुरू केली. २७ गाड्या आणि १६६ माणसे एवढ्यावर. गाड्या स्कॉटलंडमधल्या अल्बियन कंपनीच्या. त्यांच्या नंबरातले ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावावरून आले असे सांगतात आणि आजही ते आरटीसीच्या पाटीवर दिसते. पुढे ही सेवा मराठवाड्याच्या जिल्ह्यांतही पसरली. तिकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘आरटीडीची मोटार’ अजून येते.

रेल्वेने बस चालवावी यात एक खोच होती. रेल्वेच्या डब्याखालीही तेव्हा पाटेच असत, पण डब्याखाली असतो सरळ रूळ. बसखाली काय असेल त्याची हमी नाही. शहरात काही रस्ते सिमेंटचे झाले होते. शहाबादच्या सिमेंटचा तेव्हा दबदबा होता. पण शहर सुटले की खडी आणि मुरूम, ओढा लागला की वाळू. त्यात बसचे मूळ दुखणे असे की तिच्यातला भार सारखा बदलतो. निघताना दहा माणसे, पुढच्या बाजाराच्या गावाला पन्नास, वर टपावर भाजीच्या पाट्या आणि गाठोडी. पाटे करायचे कोणासाठी? पन्नाशीसाठी केले तर दहा माणसांची हाडे मोडतात. दहांसाठी केले तर पन्नाशीला गाडी पाठ टेकते. मालवाहू गाडी बनवणारे नेहमी पन्नाशीचाच विचार करतात, आणि त्यांचे चूक नाही, कारण पाटा तुटून जंगलात अडकण्यापेक्षा कंबर दुखलेली परवडते. भरलेली बस मऊ आणि रिकामी बस आदळणारी, हा अनुभव घेतला नाही असा एकही माणूस आपल्या मंडळात नसेल. मागच्या बाकावरचा विद्यार्थी तर छताला डोके लावून यायचा.

हादऱ्याला आकडा लावायचे काम याच दशकात अमेरिकेत झाले. मॉरिस ऑली हा इंजिनिअर रोल्स रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅककडे गेला. त्याने एका मोठ्या गाडीला पुढे-मागे सरकवता येणारी वजने लावली, भार आणि स्प्रिंगा बदलून बदलून माणसे बसवली आणि कोणती चाल अंगाला मानवते ते पाहिले. त्याचा निष्कर्ष सांगायला सोपा आहे : पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असाव्यात, म्हणजे खड्ड्यावरून जाताना गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलत नाही. त्याआधी सगळे उलटे करीत. १९३४ च्या गाड्यांत पुढची चाके स्वतंत्रपणे हलू लागली आणि मोटारीचे प्रवासी सुखावले. ट्रक आणि बसवाल्यांपर्यंत मात्र हे सुख पोचायला कितीतरी दशके गेली.

त्या गणिताचा गाभा असा. गाडी पाट्यांवर टेकली की पाटे काही सेंटिमीटर दबतात. जितके जास्त दबतील तितकी गाडीची उसळी संथ. २५ सेंटिमीटर दबले तर गाडी मिनिटाला सुमारे ६० वेळा वरखाली होते. त्याचा चौथा भाग, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटरच दबले, तर १२० वेळा. माणसाला साठ ते नव्वद मानवते. त्याहून पुष्कळ वेगवान, सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे शरीराला सर्वांत वाईट, कारण पोट आणि पाठीचा कणा त्याच तालावर थरथरू लागतात. रिकाम्या पिकअपच्या मागच्या पाट्यांवर भार असतो थोडाच, त्यामुळे ते जेमतेम दबतात. म्हणजे कारखान्यातून येतानाच ती माणसासाठी ताठ असते. तिला आणखी ताठ करणे म्हणजे आधीच खारट भाजीत मीठ घालणे.

मधले एक पान जीपचे आहे आणि त्यात हैदराबादचा धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. मलिक गुलाम मुहम्मद हे १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात निजामाचे अर्थमंत्री होते. १९४५ मध्ये त्यांनी आणि महिंद्रा बंधूंनी मिळून कंपनी काढली, तिचे नाव महिंद्रा अँड मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे महिंद्रा अँड महिंद्रा झाले. याच कंपनीने मुंबईत विलीस जीप जोडायला घेतली. जीप लढाईसाठी जन्मलेली. चारी चाकांना पाटे, उंच, कशावरूनही जाणारी आणि आत बसणाऱ्याचा अजिबात विचार न केलेली. सैनिकाला तासभर बसायचे होते, आपल्या लोकांनी तिच्यात वऱ्हाडे नेली. मराठवाड्यात पुढे काळी-पिवळी आली तेव्हा नऊ माणसांच्या गाडीत पंधरा-सोळा बसू लागली, आणि त्यासाठी मालकांनी मागे एक-दोन पाटे जास्तीचे घातले. गाडीचे बूड वर आले, भरली की सरळ दिसू लागली. रिकामी परतताना ती ज्याने चालवली त्यालाच तिचे खरे रूप माहीत.

१९५४ पासून जमशेदपूरहून निघालेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांचीही हीच कथा. पण ट्रकवाल्यांच्या जगात एक शहाणपणाची रीत होती. जास्तीचे पाटे ते मुख्य जुडीत न घालता वर वेगळे ठेवत. हे ‘हेल्पर’ पाटे गाडी भरून दबली की मगच टेकतात. रिकाम्या गाडीत हवेत असतात. ही युक्ती कारखान्यातही आहे आणि रस्त्याकडेच्या कमानवाल्यांच्या हातातही. पिकअप उचलून देणारी आजची काही झगमगीत दुकाने नेमकी तीच विसरली आहेत.

आता आजच्या गाड्यांकडे येतो. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, ती बनते आंध्रात श्रीसिटीला. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. या गाड्यांनी पिकअपला ‘भाजीची गाडी’ या पायरीवरून उचलून हौशी लोकांच्या दारात आणले. ऑस्ट्रेलियात अशा गाड्या वाळवंटात नेतात, त्यांना जास्त उंच पाटे आणि लांब शॉकअब्सॉर्बर बसवतात, म्हणून आपल्याकडेही तसे करायची हौस. तिकडे हौद्यात पाण्याच्या टाक्या, तंबू, डिझेल असा कायमचा दीडदोनशे किलोंचा भार असतो आणि पाटे त्या भारासाठी निवडलेले असतात. आमची मुले तेच पाटे लावून रिकाम्या हौद्याने नारायणगुड्याहून गच्चीबावलीला जातात.

माझ्या भाच्याच्या गाडीचे असेच झाले. त्याने दोन इंच उंची घेतली आणि गाडी दगड झाली. ज्या दुकानात काम केले तिथे ‘चालवून चालवून सैल होईल’ असे उत्तर मिळाले. पाच हजार किलोमीटर झाले, सैल झाला तो फक्त भाचा. शेवटी तो गाडी घेऊन ऑटोनगरमधल्या एका म्हाताऱ्या कमान मिस्त्रींकडे गेला आणि मीही उत्सुकतेने सोबत गेलो. त्यांनी गाडी चालवून पाहिली नाही. आधी चाकांतली हवा मोजली, मग खाली पाठीवर झोपून टॉर्च फिरवला. त्यांनी जे क्रमाने केले ते मी टिपून ठेवले, कारण त्यात शंभर वर्षांची शिकवण आहे.

टायर आधीपेक्षा मोठे आणि जाड कडांचे होते, आणि त्यांत ४५ पौंड हवा ठासली होती. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा हा पूर्ण भारासाठीचा कमाल आकडा असतो, तो रोजच्या वापराचा नव्हे. मिस्त्रींनी रिकाम्या गाडीसाठी ती ३२ वर आणली. निम्मा कडवटपणा तिथेच गेला, आणि त्याला पैसा लागला नाही. जो कोणी अशा गाडीला वैतागला आहे त्याने इथूनच सुरुवात करावी. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते, ती वाचावी. हौदा भरायचा असेल त्या दिवशी मात्र हवा वाढवायला विसरू नये.

मग त्यांनी पाट्यांच्या टोकांच्या बुशांचे बोल्ट ढिले केले. या बुशांत रबर असते आणि ते पिळले जाऊन स्प्रिंगसारखे काम करते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट कसले, तर गाडी खाली टेकली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि पाट्याला लवू देत नाही. बोल्ट ढिले करायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग कसायचे. हे न केल्यामुळे ताठ झालेल्या गाड्या मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे रोज एक तरी येते.

तिसरी गोष्ट शॅकलची. पाटा लवतो तेव्हा सरळ होतो, म्हणजे लांब होतो. त्या लांबीला सरकायला जागा देणारा झुलता दुवा म्हणजे शॅकल. जास्त कमान असलेला पाटा लावला की त्याची लांबी कमी होते, शॅकल पुढे ओढला जाऊन उभा किंवा उलटा कलतो, आणि पाटा लवायला गेला की अडतो. पाटे मऊ असूनही गाडी दगडासारखी वाटते ती यामुळे. भाच्याच्या गाडीत शॅकल जवळजवळ सरळ उभा होता. थोडा लांब शॅकल घातल्यावर तो मागे कलला.

शॉकअब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा शॉकअप, हे नावच फसवे आहे. धक्का घेतो तो पाटा. शॉकअपचे काम पाट्याची उसळी आवरणे. गाडी दोन इंच वर गेली आणि शॉकअप जुन्याच लांबीचा राहिला, तर तो उभ्या गाडीतच पुरा ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरू लागले की तो टोकाला जाऊन ‘खट्’ करतो. लोकांना वाटते की पाटा कडक आहे, आणि दुखणे भलतीकडे असते. उभ्या गाडीत शॉकअपचा दांडा साधारण अर्ध्यावर असावा ही मिस्त्रींची मोजपट्टी. योग्य लांबीचे दोन शॉकअप राणीगंजमधून आणावे लागले, आणि सगळ्यात मोठा खर्च तोच.

पुढच्या बाजूला आणखी एक गैरसमज आहे. जुन्या सफारीत पुढे टॉर्शन बार असतो. अँबॅसडरमध्येही होता, तिचे नाक बसले की बार पिळून वर करीत. बार पिळल्याने तो ताठ होतो असे सर्रास समजतात. तो ताठ होत नाही, तितकाच राहतो. होते असे की गाडी वर गेल्याने चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात वरचा आर्म अडकणीवर आपटतो. स्प्रिंगखाली चकत्या घालून पुढचा भाग उचलणाऱ्यांचेही तेच. उपाय एकच : पुढची उंची थोडी कमी करणे. भाच्याने अर्धा इंच सोडला. कुरकुरला, पण सोडला.

सगळ्यात शेवटी पाटे उघडले. नव्या जुडीत जास्तीचे दोन जाड पाटे होते, हौद्यात कायम अर्धा टन माल धरून घातलेले. मिस्त्रींनी त्यांतला एक काढला आणि दुसरा हेल्पर म्हणून वर असा ठेवला की भार आला तरच टेकेल. पाट्यांच्या टोकांमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे घर्षण कमी. जुन्या टांग्यातल्या चामड्या-ग्रिसाचेच हे नवे रूप. यू-बोल्ट नवे घातले, कारण एकदा ताणलेले जुने पुन्हा वापरू नयेत, आणि पाचशे किलोमीटरनंतर ते परत कसून घ्यायला सांगितले. चाकांचे अलाइनमेंट दुसरीकडे करून घेतले. गाडी आधीपेक्षा पाऊण इंच खाली आली. त्यानंतर भाचा आईला घेऊन जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा करीत सोलापूरला गेला. ती मागच्या सीटवर बसली आणि वाटेत झोपली, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र मला माहीत नाही.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात हे पुन्हा ठामपणे सांगितले. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. कंपनीने दिलेल्या उंचीवर समाधानी राहणे हे सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन आहे असे माझे मत, पण ते पंचविशीतल्या मुलांच्या गळी उतरवणे माझ्या ताकदीबाहेरचे.

भाच्याच्या गाडीतून निघालेला पाटा मिस्त्रींनी ठेवून घेतला. तिथे कोपऱ्यात असे ढीगभर पाटे होते, तुटलेले आणि काढलेले. ते भंगारात जात नाहीत. हे पोलाद लवचीक आणि धारेला चांगले, त्यामुळे लोहार ते किलोवर विकत घेतात. मराठवाड्यात पाट्याचा कोयता म्हटला की शेतकरी दोन पैसे जास्त मोजतो. बीड-परभणीकडून ऊस तोडायला निघणाऱ्या माणसांच्या हातात जे कोयते असतात, त्यांतले कित्येक कधीकाळी एखाद्या ट्रकखाली किंवा बसखाली भार वाहत होते.